दादावरचे विनोद

कारखान्यात त्याला सगळे सेफ्टीसाहेब म्हणत आणि घरात दादा. रंगाचे डबे भरणाऱ्या त्या कारखान्यात कुणी हेल्मेट न घालता फाटकातून आत आलं, तर दादा ओरडत नसे. नुसता उभा राहून बघे. त्याचं ते बघणंच असं होतं, की समोरचा मुकाट्याने मागे फिरून हेल्मेट घेऊन येई. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या आसपास लोक जरा श्वास रोखूनच वावरत, आणि त्याला वाटे, काम चोख चाललंय म्हणून ही शांतता आहे.

त्याला एक धाकटा भाऊ होता. लहानपणी अंगाने इवलासा, म्हणून टिल्लू. पुढे हा टिल्लू असा वाढला, की दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे; पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. दोघांत चांगलं नऊ-दहा वर्षांचं अंतर. टिल्लू शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात विक्रेता होता. दादाला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडण असतं तर निदान मिटवायला तरी भेटले असते. आई-वडील होते तोवर त्यांच्या निमित्ताने गाठ पडायची. ते गेले, निमित्तही गेलं.

त्या दिवशी कारखान्यातले पॅकिंगचे हेड निवृत्त होणार होते आणि निरोप म्हणून सगळ्यांनी मिळून संध्याकाळी कुठेतरी जायचं ठरलं होतं. अकाउंट्समधल्या मुलीने एका कॉफी शॉपच्या वरच्या हॉलमध्ये विनोदी कार्यक्रमाच्या खुर्च्या राखून ठेवल्या. दादा टाळाटाळ करत होता. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही आला नाहीत तर आम्ही सगळे तिथे हेल्मेट न घालता बसू." मग त्याला जावंच लागलं.

हॉल छोटा होता. पुढे एक लाकडी चौथरा, त्यावर माइक आणि उंच स्टूल. एकामागून एक माणसं येत होती, आपापल्या बायकांवर, बॉसवर, टकलावर बोलत होती. दादाच्या शेजारी बसलेला स्टोअरकीपर मांडीवर थापा मारून हसत होता. दादा मधूनमधून भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं बघत होता. ते मुदतीत आहे की नाही, हे इतक्या लांबून दिसत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या पडद्यातून मान वाकवून एक उंच माणूस बाहेर आला. दादाने आधी चाल ओळखली, मग माणूस. त्याला वाटलं, हा इथे खुर्च्या लावायला आलाय की काय? पण टिल्लूने सरळ माइक हातात घेतला आणि म्हणाला, "नमस्कार. मी दिवसा गाद्या विकतो. म्हणजे लोकांना झोपवायचा मला अनुभव आहे. आज प्रयत्न करणार आहे की तुम्ही जागे राहाल."

लोक हसले. दादा खुर्चीत ताठ झाला.

"गाद्यांच्या धंद्यात मी आलो माझ्या दादामुळे," टिल्लू पुढे म्हणाला. "दादाने मला सायकल शिकवली. शिकवायच्या आधी माझ्या पोटाला एक उशी बांधली आणि पाठीला एक उशी बांधली. मी पडलो. लागलं अजिबात नाही. पण उठताच येईना! उलट्या पडलेल्या कासवासारखा हातपाय हलवतोय आणि दादा वरून वाकून विचारतोय, 'सुरक्षित वाटतंय ना?'"

हॉल दणाणला. स्टोअरकीपर डोळे पुसत दादाच्या कानाशी आला. "साहेब, हा दादा म्हणजे अगदी तुम्हीच हो!" त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. दादाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. टिल्लूने मग गॅसबद्दल सांगितलं, आई दूध तापवायच्या आधी दादाची परवानगी कशी घ्यायची ते सांगितलं. दादाची बोलायची ढब त्याने अशी उचलली होती, की कुणी डोळे मिटून ऐकलं असतं तर चकलं असतं. मग त्याचा आवाज थोडा उतरला.

"बाबा गेले तेव्हा मी नुकता कॉलेजात जायला लागलो होतो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी ढसाढसा रडतोय. लांबून दादा येताना दिसला. मला वाटलं, आता हा मला मिठी मारणार. तो जवळ आला, आणि त्याने माझ्या पाठीवर टकटक केलं. असं. सिलिंडर भरलंय की संपलंय, बघतात ना, तसं. आणि म्हणाला, 'पाणी पी.'"

एवढा मोठा हशा त्या संध्याकाळी दुसरा झाला नाही. पॅकिंगचे हेड, अकाउंट्सची मुलगी, पुढच्या रांगेतली अनोळखी माणसं, सगळे पोट धरून हसत होते. दादाला तो व्हरांडा आठवला. तिथला फिनेलचा वास आठवला. आपण टकटक केली होती हे मात्र त्याला आजवर ठाऊक नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने भावाला धीर दिला होता.

"इथे कुणी थोरला भाऊ आहे का?" टिल्लूने विचारलं.

स्टोअरकीपरने दादाचा हात धरून वर केला. दादाला भाऊ आहे की बहीण, हे त्या कुणालाच माहीत नव्हतं. पण थोरलेपण त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. "हे आहेत! हे!" अकाउंट्सची मुलगी ओरडली. कुणीतरी दुसरा माइक आणून दादाच्या तोंडाशी धरला. टिल्लूच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत होता. त्याने कपाळावर हात धरून बघायचा प्रयत्न केला, पण मागच्या रांगेतला माणूस त्याला काही दिसला नाही.

"या काका, या आमच्या तावडीत. धाकटा भाऊ की धाकटी बहीण?"

सगळा हॉल वळून दादाकडे बघत होता. काहीही उत्तर चाललं असतं. नुसतं 'भाऊ' म्हटलं असतं तरी चाललं असतं, टिल्लूने आवाज ओळखला असता आणि काय ते निभावून नेलं असतं. पण दादाच्या तोंडून निघालं, "नाही. मला भाऊ नाही."

टिल्लूचा कपाळावरचा हात खाली आला.

"एकटाच आहे मी," दादा म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं.

टिल्लू माइक धरून उभा राहिला. ही मुद्दाम घेतलेली उसंत आहे असं वाटून दोघं-चौघं हसले. "बरं," तो शेवटी म्हणाला. "सुटला तुमचा भाऊ." त्यावरही थोडे हसले. मग त्याने पुढचं काहीतरी सुरू केलं, मध्येच सोडलं, स्टुलावरची बाटली उचलून पाणी प्यायला, परत सुरू केलं. गाडी काही रुळावर येईना. "आज एवढंच," म्हणून तो मान वाकवून पडद्याआड गेला, तेव्हा टाळ्या पडल्या त्या भिडेखातर.

"शेवटी ढेपाळला जरा, नाही?" जिना उतरताना अकाउंट्सची मुलगी म्हणाली. दादा लोकांच्या गर्दीत अंग चोरून बाहेर पडला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. शर्टाची बटणं काढता काढता, तिच्याकडे पाठ करून. वाटलं होतं, ती म्हणेल, असं कसं केलं त्याने, घरातलं चारचौघांत मांडतात का कुणी? ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

"तुला धक्का नाही बसला?" त्याने विचारलं.

"मी पाहिलाय त्याचा कार्यक्रम. मागे बोलावलं होतं त्याने."

"तुला? आणि मला नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत त्याला, की संध्याकाळी काय करतोस?"

दादाने शर्ट काढून खुंटीला अडकवला. 

"काय म्हणालात म्हणता त्याला?" तिने विचारलं. "नीट सांगा. काय शब्द वापरलेत?"

त्याने परत सांगितलं. चेहरा झाकावा तसा तिने पदर तोंडाला लावला, आणि त्या रात्री ती त्याच्याशी आणखी काही बोलली नाही.

पुढचे दिवस असे गेले, की कुठे तोंड लपवावं हे त्याला कळेना. हॉलमध्ये लोक हसले याचं दुःख केव्हाच मागे पडलं होतं. टिल्लूचा खाली येणारा हात तेवढा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्यात कॅन्टीनमध्ये स्टोअरकीपरला नवं खेळणं मिळालं होतं. कुणी खोकलं, की तो पाठीवर टकटक करून म्हणायचा, "पाणी पी!" आणि टेबलभर हशा. एका दुपारी दादाने घास खाली ठेवला.

"तो माझा धाकटा भाऊ आहे," तो म्हणाला. "त्यातला दादा मीच."

"काहीतरीच काय साहेब," स्टोअरकीपर हसत म्हणाला. "तुम्हीच तर म्हणालात..."

"खोटं बोललो."

टेबलावरची माणसं आपापल्या ताटात बघू लागली. स्टोअरकीपर इतका कानकोंडा झाला, की चहा न घेताच उठला. दादाला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. कॅन्टीनमध्ये सांगणं सोपं होतं. तिथे टिल्लू नव्हता.

टिल्लू फोन उचलत नव्हता. शेवटी रविवारी सकाळी बायकोच म्हणाली, "तो खोली बदलतोय आज. मित्र येणार होता, त्याने ऐन वेळी टांग दिली. तुम्ही जा."

"मी काय बोलू जाऊन?"

"बोलायला जाऊ नका. सामान उचलायला जा."

दादा गेला. त्या भागात तो टिल्लूच्या खोलीपाशी एकदाच आला होता, तेही खाली गाडीत बसून राहिला होता. तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा टिल्लू एका लाकडी कपाटाला मिठी मारून दारातून बाहेर ओढत होता. त्याने दादाला पाहिलं. कपाट सोडलं नाही.

"वहिनीने पाठवलं?"

"हो."

"खालून धर मग."

जिना अरुंद होता. वर टिल्लू, मध्ये कपाट, खाली दादा. एकमेकांचं तोंड दिसायचा प्रश्नच नव्हता. दादाने सवयीने सूचना द्यायला सुरुवात केली. आधी उजवा कोपरा, मग टेकव, मग तिरकं कर. पहिल्या वळणापर्यंत सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे झालं आणि वळणावर कपाट असं काही अडकलं, की वर जाईना आणि खाली येईना. एक कोपरा कठड्यात, दुसरा भिंतीत.

"सोडू नकोस," दादा म्हणाला. "सोडलंस तर माझ्या अंगावर येईल."

"नाही सोडत."

दोघंही दमून तसेच उभे राहिले. कपाटाच्या पाठीला जुन्या पॉलिशचा वास येत होता. दादाचं नाक त्याला जवळजवळ टेकलं होतं.

"मला लाज वाटली," दादा त्या लाकडाला म्हणाला.

 टिल्लू वरून म्हणाला, "माझी?"

"नाही रे. सगळे हसत होते आणि सगळं खरं होतं. मग ते माइक घेऊन आले. मला फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. कसं का होईना."

"सगळं खरं नव्हतं. उशी एकच होती. दुसरी मी घातली पदरची."

"दोन होत्या. पाठीची उशी मी तुला नकळत शर्टाच्या आत घातली होती."

टिल्लू हसला की काय, दादाला कळलं नाही. कपाट किंचित हललं एवढं खरं.

"बाबांचं सांगायच्या आधी तुला विचारायला हवं होतं मी," टिल्लू म्हणाला. "पहिल्यांदा सांगितलं ना, तेव्हा घरी येऊन मला उलटी झाली. वाटलं, मी काय विकलं हे? पण लोक हसले होते. मग सोडवेना."

"तू रडत होतास तेव्हा," दादा बोलता बोलता थांबला. त्याचे हात भरून आले होते. "तुला जवळ घेतलं असतं तर मीही रडलो असतो. मग आईकडे कुणी बघितलं असतं?"

"तिघं रडलो असतो. काय बिघडलं असतं?"

 इतक्या वर्षांत दादाला हा प्रश्नच पडला नव्हता.

"आणि त्याला पुढे शेवट आहे, दादा. त्या सिलिंडरनंतर. चांगला आहे शेवट. तुझ्यासाठी चांगला आहे. तिथपर्यंत गेलोच नाही मी त्या दिवशी. मला पुढचं काही आठवेना."

दादाने कपाळ कपाटावर टेकवलं. "काय आहे शेवट?"

"आता सांगू? हे धरून?"

"नको," दादा म्हणाला. आपला तो ऐकायचा हक्क राहिलेला नाही, असं त्याला वाटत होतं.

"तसंही सगळं जुनं झालंय आता. लोक म्हणतात, नवीन ऐकव. नवीन कुठून आणू? तुझं काय चाललंय मला काय माहीत? लहानपणचंच उगाळत बसतो."

दादाने कपाटाखालचा हात बदलला. मग म्हणाला, "मला शिडीची भीती वाटते."

"काय?"

"शिडीवर चढलो की पाय लटपटतात. दोन पायऱ्यांच्या वर जात नाही मी. कारखान्यात छताजवळची पाहणी मी खालून दुर्बिणीने करतो. लोकांना वाटतं, साहेब फार बारकाईने बघतात."

यावर मात्र टिल्लू असा हसला, की कपाट गदगदा हलायला लागलं आणि दादा ओरडला, "धर, धर, धर!" वरचा माणूस हसतोय, खालचा ओरडतोय. तेवढ्यात पिशव्या घेऊन वर निघालेल्या एक बाई दादाच्या मागे येऊन थांबल्या.

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही, मावशी," वरून टिल्लू म्हणाला. "आमचं जुनं प्रकरण आहे."

बाईंनी कपाटाकडे खालीवर पाहिलं. "दारं काढा की त्याची."

दोघा भावांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. बाईंनीच खालच्या शेजाऱ्यांकडून स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला. दारं निघाली, कपाट सुटलं, आणि दुपारपर्यंत सगळं सामान नव्या खोलीत जाऊन पडलं. गळाभेट वगैरे काही झाली नाही. निघताना दादा म्हणाला, "ते शिडीचं—"

"नाही सांगणार कुणाला."

"मी म्हणत होतो, सांगितलंस तरी..." त्याच्याने वाक्य पुरं झालं नाही. टिल्लूने मान हलवली. माफ केलं, असं टिल्लू बोलला नव्हता. दादाने ते मागितलंही नव्हतं. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की 'चुकलो' हा शब्द आपल्या तोंडून निघालाच नाही. परत वर जाऊन म्हणावा, असं त्याला वाटलं. पण तो बसून राहिला, आणि या बसून राहण्याचीही त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

त्यानंतर एका संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर तो गाद्यांच्या दुकानात गेला. काय म्हणून आलो हे सांगता यावं, यासाठी वाटेत त्याने ठरवून ठेवलं होतं, की घरातली गादी दबलीय. दुकान त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप मोठं होतं. दोन्ही बाजूंना पलंगांच्या रांगा आणि मध्ये गळ्यात टाय बांधलेला टिल्लू. दादाने त्याला टायमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

"गादी बघायची होती," दादा म्हणाला.

"बघून कळत नाही. झोपून बघ."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळे त्यासाठीच येतात, दादा."

दादा अवघडून कडेला बसला, मग आडवा झाला. हात छातीवर, नजर छतावर. छताला पाणी फवारणारे नळ बसवलेले होते, ते नीट अंतरावर आहेत असं त्याने पाहून घेतलं. टिल्लूने विचारलं, पाठ कुठे दुखते? त्याने सांगितलं. टिल्लूने विचारलं, केव्हापासून? दादा आठवू लागला. इतकं त्याला हल्ली कुणी विचारलं नव्हतं. सांगता सांगता मध्येच कुठेतरी त्याचा डोळा लागला.

जाग आली ती बोलण्याने. डोळे किलकिले करून त्याने पाहिलं. पलंगाशी एक नवरा-बायको उभे होते आणि टिल्लू त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत होता. दादाचे बूट पायांत नव्हते, कुणीतरी काढून खाली नीट जोडीने ठेवले होते. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं आणि ते त्या बाईंच्या बरोबर समोर आलं होतं.

"हे तुमच्या दुकानाचे आहेत का?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही. माझे थोरले भाऊ. कामावरून थेट आलेत, दमलेत," टिल्लू म्हणाला. किती सहज म्हणाला. दादाला हॉलमधलं आपलं उत्तर आठवलं. त्याने उठायला कोपर टेकवलं.

टिल्लूने उशी सारखी केल्यासारखं करून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकला. "उठू नकोस. घेतील बहुतेक."

दादाने डोळे मिटून घेतले. झोप केव्हाच उडाली होती. नवरा म्हणत होता, "गाढ झोपलेत हो." बायको म्हणत होती, "आपल्या बाबांसाठी हीच बघू या." कान लाल झालेले, अंगठा तसाच उघडा, दादा श्वास मोठा आणि संथ ठेवून पडून राहिला.